हौसाबाईंनी मोडलेलं हाड

गव्हाणेकाकूंनी आम्हाला पाहिलं आणि नातीला, पूर्वाला, ओढून मांडीशी घेतलं. सोलापूरच्या हाडाच्या दवाखान्यात, बाहेरच्या लांब बाकावर, एवढ्या माणसांत. जशी काय माझी सासू उठून त्या पोरीचं दुसऱ्या बाजूचंही हाड मोडणार होती.

"बघ, इथंसुद्धा आली," काकू सुनेला म्हणाल्या. हळू नाही, सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशा.

सून जयमाला. तिनं मान वर केली, आमच्याकडं बघितलं आणि पुन्हा खाली घातली. मी सासूबाईंना दंडाला धरून बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसवलं. मी त्यांना आत्या म्हणायची. बाकी सगळं वैराग हौसाबाई म्हणायचं. आदल्या दिवशी न्हाणीत पाय घसरून आत्या डाव्या खांद्यावर पडल्या होत्या. गावातल्या डॉक्टरनं फोटो काढला, गळ्याखालचं आडवं हाड मोडलंय म्हणाला, हात झोळीत अडकवला आणि सोलापूरला धाडलं. एसटीत जागा मिळाली नाही. खड्डा आला की आत्या डोळे मिटून घ्यायच्या, तोंडातनं चकार शब्द नाही. मी मेली सकाळी अंगणवाडी उघडून, खिचडी शिजवून, मग निघालेली. अंग नुसतं आंबून गेलं होतं.

"काय झालं हिला?" काकूंनी त्यांच्या शेजारच्या बाईला विचारलं. मला विचारायचं तर तोंड झिजलं असतं.

"कॉलरचं हाड मोडलंय म्हणे," त्या बाईनं आमच्याकडं बघून सांगितलं.

काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, "तेच हाड. बघा. वर कुणीतरी बसलाय तो सगळं बघतो."

माझं डोकंच फिरलं. "ओ काकू, म्हाताऱ्या माणसाच्या मोडलेल्या हाडावर आनंद करताय होय? लाज वाटत न्हाई?"

"छबू, गप बस," आत्या म्हणाल्या.

"का गप बसू?"

"दुखतंय मला. बस गप."

गप बसले. पूर्वा झाल्यापासून पाच-सहा वर्षं मी हेच करत आले होते, आणि मला त्याचा मनापासून वीट आला होता.

आत्या बाळंतिणींच्या घरी बाळांना अंघोळ घालायच्या. त्यांच्या सासूकडनं आलेलं काम. न्हाणीत पाय लांब करून बसायचं, नडगीवर बाळ पालथं घालायचं, तेलानं रगडायचं, मग उताणं करून दोन्ही हात छातीवर आडवे घ्यायचे, एकदा हा वर, एकदा तो वर. नाक ओढायचं, टाळूवर तेल जिरवायचं, कढत पाणी घालायचं, ओव्याची धुरी द्यायची. आमच्या गावात तिशीच्या आतलं निम्मं गाव त्यांच्या पायावरनं गेलं असेल. बाळ अंघोळीला रडायचं आणि धुरी घेता घेता झोपून जायचं. घरोघरच्या म्हाताऱ्या त्यांना आधी चहा द्यायच्या, मग आपण घ्यायच्या, एवढा मान.

पूर्वाचं बारसं होतं. झबल्याच्या गळ्यातनं काकूंना तिच्या उजव्या खांद्याकडं एक टेंगूळ दिसलं. दाबलं तर आत काहीतरी हलतंय. डॉक्टरकडं पळाले. डॉक्टर म्हणाला, हाड मोडलंय, कुणी हात ओढला का? झालं. हात कोण ओढतं रोज? हौसाबाई.

त्या दिवसापासून त्यांना कुणीही बोलावलं नाही. कुणी तोंडावर काही म्हटलं नाही, तेही बरं झालं असतं. नुसतं, "या खेपेला आम्हीच घालतो हो अंघोळ," असं. आणि आत्यांनी एकदाही, एका शब्दानंही, मी मोडलं नाही असं म्हटलं नाही. कारण त्यांना ते माहीतच नव्हतं. त्यांना वाटायचं, मोडलं असेल. मला एकदा म्हणाल्या होत्या, "त्या दिवशी ताप व्हता मला. हात जड पडला आसंल." माझा अमोल झाला तेव्हा पाणी तापवून द्यायच्या, तेल कोमट करून द्यायच्या आणि न्हाणीच्या बाहेर बसायच्या. आत यायच्या नाहीत. मी पहिलटकरीण, ओलं बाळ हातातनं निसटतंय, मी रडतेय, बाळ रडतंय, आणि गावभरची पोरं न्हाऊ घातलेली बाई उंबऱ्याच्या पलीकडं बसून सांगतेय, "मान धर. मानंखाली हात घाल." मला इतका राग यायचा त्यांचा. आणि गव्हाण्यांचा त्याहून जास्त.

तर बाकावर दुपार झाली. पूर्वाला भूक लागली. काकू तिला घेऊन खाली कँटीनला गेल्या. त्या गेल्या आणि तेवढ्यात आतनं पुकारा झाला, "पूर्वा गव्हाणे. हौसाबाई शिंदे. दोघी या आत." तिथं एका वेळी दोन-तीन पेशंट आत घ्यायचे, एकाचं बघून होईतो दुसऱ्यानं उभं राहायचं.

डॉक्टर नाडगौडा म्हणजे उंच, वाकलेला, पन्नाशीचा माणूस. समोर चहाचा कप, त्यावर साय धरलेली. सकाळपासून ऑपरेशनं करून आला होता बहुतेक, डोळे लाल. त्यानं पूर्वाचा फोटो काचेवर लावला, मागचा दिवा लावला आणि बराच वेळ बघत राहिला.

"पेशंट कुठाय?"

"खायला गेलीय. आणते," जयमाला म्हणाली.

"येऊ दे सावकाश. काय झालं होतं म्हणालात?"

जयमाला बोलेना. मीच बोलले. "बारशाला हाड मोडलेलं दिसलं. ह्यांनी मोडलं म्हणतात. अंघोळ घालताना." आणि आत्यांकडं बोट केलं. आता वाटतं, असं बोट करायला नको होतं, पण मला त्या माणसाच्या तोंडनं काय निघतं ते एकदाचं ऐकायचं होतं. जे असेल ते. मोडलं असेल तर मोडलं म्हणू दे, पण हे लोंबकळत राहणं पुरे झालं.

डॉक्टरनं आत्यांकडं पाहिलं. मग हात पुढं केला. "तुमचा फोटो द्या."

आमचा फोटो त्यानं पूर्वाच्या शेजारी लावला.

"या इकडं. हे तुमचं हाड, आजी. कालच मोडलंय. टोकं बघा, काटकी मोडल्यासारखी, धारदार. आता ही पोरगी. टोकं दिसतात? गोल, गुळगुळीत. जुनं मोडलेलं असतं तर मध्ये गाठ धरली असती. इथं गाठ नाही, काही नाही. हे हाड कधी मोडलंच नाही."

"मग?" मी म्हटलं.

"हे कधी जुळलंच नव्हतं. हे हाड पोटात असताना दोन ठिकाणी सुरू होतं आणि मध्ये येऊन एक होतं. कुणाचं जाड, कुणाचं वाकडं, कुणाच्या हाडाला भोक असतं, त्यातनं नस जाते. माणसामाणसात या हाडाचा फरक असतो. हिचं एक व्हायचंच राहिलं. फार क्वचित होतं, आणि जवळजवळ नेहमी उजवीकडेच." त्यानं चहाचा कप उचलला, साय बघितली आणि परत ठेवला. "आणि हे बघा. तान्ह्या बाळाचं हाड खरंच मोडलं ना, तर काही केलं नाही तरी महिन्याभरात जुळून येतं. हे इतक्या वर्षांत जुळलं नाही, यातच आलं सगळं. मोडलंय समजून नुसती स्टीलची पट्टी बसवली असती कुणी, तर पट्टी तुटली असती पण हाड जुळलं नसतं. टोकं खरवडायची, कमरेचं थोडं हाड काढून मध्ये भरायचं, मग पट्टी. तर जुळेल."

आत्या फोटोकडं बघत होत्या.

"म्हंजी माझ्या हातानं न्हवं?"

"नाही आजी."

"परत येकदा सांगा."

"तुमच्या हातानं नाही. कुणाच्याच हातानं नाही. ती तशीच जन्मली."

तो चिडला नाही, घड्याळाकडं बघितलं नाही. दुसऱ्यांदा सांगताना अजून सावकाश बोलला. एवढ्यासाठी त्या माणसाला मी अजून मानते.

माझ्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी यायला लागलं. रडू नव्हतं ते, नुसता शीण बाहेर पडत होता. मला वाटत होतं आत्ताच्या आत्ता बाहेर जावं, त्या बाकावर उभं राहावं, आणि काकू आल्या की सगळ्या दवाखान्यासमोर सांगावं. गावात गेल्यावर घरोघर सांगावं. चावडीवर सांगावं.

"डॉक्टर," जयमाला म्हणाली. "हे माझ्या सासूबाईंना सांगू नका."

मी तिच्याकडं बघतच राहिले.

"का?" डॉक्टरनं विचारलं.

"जन्मताच तसं म्हटलं की…" तिनं दाराकडं पाहिलं. "मी गरोदर असताना ग्रहण होतं. सासूबाईंनी मला एका जागी बसवलं होतं, काही चिरायचं नाही, शिवायचं नाही. मला बसवेना. ब्लाउजचा हूक तुटला होता तो मी लावत बसले. सुईदोरा हातात असतानाच त्या आत आल्या. तेव्हापासून त्या बाळाची बोटं मोजायची वाट बघत होत्या."

"त्याचा आणि याचा काडीचा संबंध नाही."

"तुम्हाला माहीत आहे हो. मला पण कळतं. त्यांना कोण सांगणार?"

"आणि आमच्या आत्यांचं काय?" मी म्हटलं. "त्यांनी का म्हणून भोगायचं? तुला आज कळलंय ना आता? आता तरी तोंड उघडशील का नाही?"

"आज नाही कळलं," जयमाला म्हणाली. ती माझ्याशी नाही, आत्यांशी बोलत होती. "मला पहिल्याच दिवशी हाताला लागलं होतं. दवाखान्यात, दूध पाजताना. तुम्ही अंघोळ घालायला यायच्या आधी."

असं झालं ते. पोरगी आमच्या घरी यायची, लग्न होऊन आली तेव्हा. आत्यांनी तिला डोहाळजेवणाला हिरवा चुडा भरला होता. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि ती गप्प बसली. मी तिच्या अंगावर धावूनच गेले असते. डॉक्टर मध्ये होता म्हणून.

आत्यांनी नुसतं विचारलं, "एवढी वर्सं, व्हय गं?"

"मी भ्यायले होते."

"भ्याली व्हतीस," आत्या म्हणाल्या. प्रश्न नव्हता तो, शिवी पण नव्हती.

आणि दार ढकलून काकू आत आल्या. पूर्वाच्या तोंडाला चटणी लागलेली, हातात अर्धी इडली. आम्हाला तिघींना एकत्र बघून काकू दारातच थांबल्या. सुनेचे डोळे भरलेले, माझे वाहणारे.

"काय म्हणाले डॉक्टर? ही का रडतेय?"

खरंच सांगते, जयमाला टेबलाला धरून उभी होती. मी तोंड उघडलं. सगळे शब्द जिभेवर तयार होते. इतकी वर्षं रात्रीबेरात्री मनातल्या मनात काकूंशी भांडलेली मी.

"माझ्याच हातनं झालं," आत्या म्हणाल्या.

"काय?"

"हाड. माझ्याच हातनं मोडलं. डाक्टरांनी दाखवलं आत्ता. म्हणून सुनबाई रडतीय. चुकलं माझं, काकू."

मी आत्यांचा पदर ओढला. त्यांनी मागं न बघता माझा हात झटकला, झटकला चांगल्या हातानं, तरी मोडक्या बाजूला कळ गेली असणार.

"मी तेव्हाच म्हणाले होते," काकू म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. सुटल्यासारख्या दिसत होत्या. "तेव्हाच म्हणाले होते मी. तर ही मला म्हणायची, नसेल हो आई."

म्हणजे तेवढं तरी म्हणाली होती ती.

काकू डॉक्टरकडं वळल्या. "मोडलेलंच आहे ना साहेब? दुसरं काही नाही ना?"

डॉक्टरनं जयमालाकडं पाहिलं, आत्यांकडं पाहिलं. मग पूर्वाला जवळ बोलावून तिच्या खांद्याला हात लावला. "जोडायचं आहे," तो म्हणाला. "जोडलं की झालं. हात छान चालेल." आणि आत्यांना म्हणाला, "आजी, तुमच्या हाडाला ऑपरेशन नको. झोळी काढू नका, वजन उचलू नका, महिन्यानं दाखवा. तुमचं जुळेल."

परतीच्या एसटीत आम्हाला जागा मिळाली. मी बार्शी नाक्यापर्यंत त्यांच्याशी बोलले नाही. मग राहवेना.

"का केलंत असं? मला एवढंच सांगा. देवानं एवढा न्याय समोर आणून ठेवला, आणि तुम्ही तो लाथाडून आलात."

"दुखतंय, छबू."

"मलाही दुखतंय. सांगा."

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. ज्वारी काढून झालेली, रानं उघडी पडलेली.

"मोडल्यालं हाड जोडलं म्हनलं की संपलं," त्या म्हणाल्या. "पोटातनं आलं म्हनलं की न्हाई संपत. मग आईला ईचारतील, तुझ्या माह्यारात कुनाला व्हतं का? मग पोरीला स्थळ आलं की ईचारतील, हिच्या पोरास्नी व्हईल का? ग्रहनाची पोर म्हनतील. मी त्या घरात चार दिस पानी घालून आली, मला ठावं हाय ते घर."

"आणि तिनं तुमचं वाटोळं केलं ते?"

"लई राग आलाय मला तिचा. काय सांगू तुला. तिच्या थोबाडीत द्यावी वाटत व्हतं. पर ती दारात पोर आली, इडली खात. तिच्याम्होरं काय बोलू? तुझ्या आईनं सुई धरली म्हनून तू अशी, ह्ये त्या पोरीनं ऐकायचं?"

"तुमचं नाव मात्र जायचं ते गेलंच."

"माझं मला कळलं न्हवं आज? मला तेवढंच पायजे व्हतं. गावाला कळून काय आता परत पोरं देनार हायेत माझ्या पायावर? आता समद्या बायका दवाखान्यातनं पावडर लावून आनत्यात." मग माझा हात धरला. "तू कुनाला बोलू नगं. गव्हाण्यांची म्हातारी हाय तवर न्हाई बोलायचं. शब्द दे."

मी दिला. रागानं दिला, पण दिला. आणि त्या माझ्या खांद्यावर डोकं टेकून वैरागपर्यंत झोपल्या. इतक्या वर्षांत त्या अशा गाढ झोपलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

पूर्वाचं ऑपरेशन झालं, हाड जुळलं. ती शिकली, पुण्यात नोकरीला लागली, लग्न झालं. चांगलं स्थळ मिळालं. कुणी काही विचारलं नाही.

आत्या गेल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. दहाव्याला मी घाटावर बसले होते आणि मागं दोघी कुजबुजत होत्या, "ती गव्हाण्यांच्या नातीचं हाड मोडलेली, तीच ना ही?" मी ऐकलं. दात आवळून बसले. गव्हाण्यांची म्हातारी अजून होती. जयमालाही आली होती त्या दिवशी. तिनंही ऐकलं असणार. ती माझ्याकडं बघू शकली नाही.

गव्हाणेकाकू गेल्या साली गेल्या. नव्वदीच्या घरात होत्या. तेराव्याचं बोलावणं आलं. जावं की नाही, दोनदा मनात आलं, मग गेले. बायकांची पंगत आतल्या खोलीत बसली होती. गव्हाण्यांच्या चुलत-मावस सुना, शेजारपाजारच्या नव्या पोरी, सगळ्या लगबगीनं वाढत होत्या. माझ्या वयाच्या दोघीतिघीच. घाटावर कुजबुजलेल्यांपैकी एक होती, तिला आता ऐकू येत नाही.

जयमाला वरणाचं पातेलं घेऊन आली. केस सगळे पांढरे झालेत तिचे. पातेलं तिनं मध्येच खाली ठेवलं आणि पदर सावरून उभी राहिली.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली. पंगत थांबली. "आमच्या पूर्वाचं हाड हौसाबाईंनी मोडलं नव्हतं. ती जन्मलीच तशी होती. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझ्या भीतीपायी त्यांनी आपल्या माथी घेतलं."

एकेक शब्द स्वच्छ ऐकू आला. या एका वाक्यासाठी मी किती वर्षं थांबले होते. मी घास पानात ठेवला आणि एकेका बाईच्या तोंडाकडं बघत गेले.

भाताचं ताट धरून उभी असलेली एक नवी सून शेजारणीकडं बघू लागली. शेजारणीनं खांदे उडवले. मग त्या पोरीनंच जयमालाला विचारलं, अगदी साधेपणानं, "कोण हौसाबाई, काकू?"

जयमालानं माझ्याकडं पाहिलं. खोलीत दुसरं कुणी उत्तर देण्यासारखं नव्हतं.

"माझ्या सासूबाई," मी म्हटलं. "बाळांना अंघोळ घालायच्या."

"हो का," ती पोरगी म्हणाली, आणि मला भात वाढायला खाली वाकली.